अठ्ठेचाळीस सेकंदांचं इंजिन

७ ऑक्टोबर १९७९, रविवार

स्वतःच्या हाताने केलेलं: सिलिंडर, पोलादी सळईतून. पिस्टन, मागाच्या मोडक्या चाकाच्या बिडातून. शाफ्ट आणि दांडा. बाहेरची ॲल्युमिनियमची पेटी, वाळूच्या साच्यात ओतलेली. तीन वाया गेल्या, चौथी जमली. इंधनाची सुई. बीच झाडाच्या लाकडाचा पंखा. टाकी, चहाच्या डब्याच्या पत्र्याची. हातभर लांबीचं विमान तर माझंच. विकतचं काय? प्लग आणि सहा स्क्रू. कुठल्या शाळेत न जाता, कुणाला न विचारता. दोन वर्षं चार महिने.

आणि हे सगळं आज वातारासे नदीच्या वाळवंटात अठ्ठेचाळीस सेकंद उडालं!

सुरू झकास झालं. मी मधे मूठ धरून, तारांच्या टोकाला विमान गोल गोल. बाराव्या फेरीला आवाज बसला, माणसाचा घसा बसावा तसा. मग बंद.

नेगिशी घड्याळ बघत उभा होता. "मास्तर, कपातल्या नूडल्स भिजायलासुद्धा तीन मिनिटं लागतात."

सोळा वर्षं दर रविवारी हा न्हावी माझ्यासोबत नदीवर येतो आणि सोळा वर्षं हेच. त्याचं स्वतःचं इंजिन विकतचं! पंचवीस नोव्हेंबरला दुकान बंद करून लेकीकडे चाललाय, दूर उत्तरेला हाकोदातेला. कायमचा. त्याआधी हे इंजिन त्याच्या डोळ्यांदेखत टाकीभर चाललं पाहिजे. टाकीभर म्हणजे साडेपाच मिनिटं. रविवार उरले सहा.

९ ऑक्टोबर

नवा प्लग. जुन्याची तार तपासली, शाबूत. तरी बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही.

१४ ऑक्टोबर

५२ सेकंद. चार सेकंदांची प्रगती.

"या वेगाने," नेगिशी म्हणाला, "माझ्या नातीच्या लग्नापर्यंत टाकीभर चालेल बघ."

नात दोन वर्षांची आहे.

१६ ऑक्टोबर

संशय इंधनावर. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि डब्याचं झाकण मी पावसाळ्यात एकदा सैल ठेवलं होतं. (एकदाच.) सगळं ओतून दिलं. ताजं मिश्रण: मिथेनॉल तीन भाग, एरंडेल एक भाग. बायकोचा, फुसाएचा, स्वयंपाकाचा मापी पेला वापरला, तीनदा धुऊन ठेवला. तिला कळणार नाही.

१७ ऑक्टोबर

कळलं. "अहो, आजच्या सूपने सगळ्यांची पोटं साफ होणार वाटतं!"

२१ ऑक्टोबर

ताजं इंधन: ५१. मग टाकी. थरथरीने इंधनाला फेस येत असेल म्हणून स्पंजमध्ये गुंडाळली, तीन मिलिमीटर वर घेतली: ४७.

नेगिशी म्हणाला, "माझं इंजिन तुझ्या विमानाला लाव. टाकी तुझी, इंधन तुझं."

लावलं. ५ मिनिटं २० सेकंद! त्याचं ते विकतचं धूड, ज्याला तो कधी फडकंसुद्धा मारत नाही.

म्हणजे टाकी निर्दोष. इंधन निर्दोष. नेगिशी नुसता शीळ वाजवत पर्सिमनचं फळ सोलत बसला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

२२ ऑक्टोबर

इंजिनाला रबरी नळी लावून साबणाच्या पाण्यात बुडवलं, फुंकलं. एक बुडबुडा नाही. माझ्या जोडांतून हवा गळत नाही. हे आधीच माहीत होतं, आता सिद्ध झालं.

२८ ऑक्टोबर

सुई अर्धा आटा उघडली, इंधन जास्त. ओल्या लाकडासारखा धूर, आवाज गुरगुरता, ताकद नाही — पण १ मिनिट ४० सेकंद! सुई जागेवर आणली की पुन्हा पन्नासाच्या आत.

उतरल्या उतरल्या पंखा बोटाने फिरवून पाहिला. हलेना. दहा मिनिटांनी सहज फिरला. नोंद: गरम असताना घट्ट, गार असताना मोकळं.

नेगिशीने मागून पाहिलं. "घट्ट बसवलंयस रे. फुगतं आणि अडकतं. नवा वस्तरा दगडावरून काढला की मी पहिली दाढी स्वतःची करतो. गिऱ्हाइकाची नाही. नवी धार चावते, ती आधी थोडी मरावी लागते. तसं याला तासभर जमिनीवर चालव, भरपूर तेल पाजून. थोडं चालवायचं, गार करायचं, परत चालवायचं. आपोआप मोकळं होईल."

मी म्हणालो, ते कारखान्यातल्या इंजिनांना लागतं. तिथे घाईत बनवतात, उरलेलं काम तेलावर सोडतात. हा पिस्टन मी अकरा दिवस हाताने घासून बसवलाय. यातलं काम संपलेलं आहे.

"बरं," तो म्हणाला. "संपलेलं दिसतंच आहे. अठ्ठेचाळीस सेकंदांत."

१ नोव्हेंबर

पुन्हा मोजलं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट दोन हजारांश मिलिमीटर. आराखड्याप्रमाणे तंतोतंत. फुसाएला दाखवलं.

"मग आराखडाच उडवा की," ती म्हणाली.

४ नोव्हेंबर

४४ सेकंद. ऐन वळणावर बंद पडलं, तारा ढिल्या झाल्या, विमान गोट्यांवर. डावा पंख गेला. नेगिशीने तुकडे गोळा केले, एक एक, रुमालात. आज थट्टा केली नाही. फक्त जाताना: "दोन रविवार उरले, मास्तर."

११ नोव्हेंबर

आकागी डोंगरावरून असा वारा सुटला की उडवणं अशक्य. पंख चिकटवला. एक रविवार उरला.

१२ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून आलो तर मेजावर इंजिन नाही! फुसाए शांतपणे मुळा किसत होती. "नेगिशीदादा येऊन घेऊन गेले. म्हणाले, मास्तरांनीच सांगितलंय."

"मी नाही सांगितलं!"

"हो, ते मला माहीत होतं." आणि किसतच राहिली.

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. सायकल काढून नदीकडे निघणार तोच तो दारात. पांढरा एप्रन कोपरापासून गुडघ्यापर्यंत एरंडेलाने पिवळा, नाक वाऱ्याने लाल. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. सोळा वर्षांत बोललो नव्हतो एवढं बोललो. त्याने फडक्यात गुंडाळलेलं इंजिन मेजावर ठेवलं, बाजूला केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा कागद, आणि म्हणाला, "ओरडून झालं की मागची बाजू वाच."

मागे पेन्सिलीने: किती सेकंद चालवलं, किती मिनिटं गार केलं, सुई किती. सकाळी आठपासून. सत्तावीस वेळा. अक्षर न्हाव्याचं, पण मांडणी... चूक काढायला जागा नाही. शोधली.

१३ नोव्हेंबर

उघडलं. पिस्टनच्या वरच्या कडेला नखभर चकचकीत पट्टा. फट आता चार हजारांश. म्हणजे माझ्या अकरा दिवसांत दोन हजारांशाचं काम राहिलं होतं.

हे इथेच लिहितोय. बोलणार कुणाशी नाही.

१८ नोव्हेंबर

वारा नाही. आभाळ स्वच्छ. फुसाएसुद्धा आली, मिसोची चटणी लावून भाजलेले मांजूचे पाव घेऊन.

पंखा एकदाच फिरवला, पेटलं. तिसाव्या सेकंदाला माझे खांदे आपोआप वर आले. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळिसाव्याला फुसाएच्या तोंडाशी नेलेला घास तिथेच थांबला. पन्नास. साठ! आवाज एकसुरी, कापड फाडत जावं तसा.

दुसऱ्या मिनिटाला मी नेगिशीला खूण केली. तो वाकून तारांखालून आत आला, माझ्या पाठीला पाठ लावून दोन फेऱ्या फिरला, मग मी मूठ त्याच्या हातात दिली. विमान जरासुद्धा डगमगलं नाही. तो फिरत होता, तोंड उघडं, म्हातारा, टोपी मागे पडलेली.

"अरे किती चालणार आहे हे!" ओरडला. "चक्कर यायला लागली मला! बंद कर!"

"होत नाही बंद," मी म्हणालो.

५ मिनिटं ३६ सेकंद.

उतरल्यावर पंखा बोटाने फिरवला. गरम असूनही मोकळा. "तुझ्या वस्तऱ्याचं गणित ठीक होतं," म्हणालो. यापेक्षा जास्त मला जमलं नाही. तो वाळूत आडवा पडून हसत होता.

२३ नोव्हेंबर

दुकानातली खुर्ची आज एक व्यापारी घेऊन गेला. चौतीस वर्षांची, खालीवर होणारी. तिच्या जागी फरशीवर चार पांढरे ठिपके राहिले. नेगिशीने शेवटची हजामत माझी केली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. म्हणाला, "हलू नकोस, तू काही तंतोतंत नाहीस."

२५ नोव्हेंबर

फलाटावर नेगिशीने कोटातून पाकीट काढलं. खुर्ची नेणाऱ्या व्यापाऱ्याचा शिक्का असलेलं, न फोडलेलं. "इंजिन मला दे." मी लगेच म्हणालो, ते विकायचं नाही. तो हसला, पाकीट आत ठेवलं, गाडीत चढला. पाकिटावर आकडा लिहिलेला होता. अठ्ठ्याहत्तर हजार येन.