जुनं मशीन बंद करण्याआधी

बाई,

नागपुरात मे महिन्यात स्वेटर-शाल लपेटून नोकरी करणाऱ्या आपण दोघीच असू. बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटतंय, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि आत कॉम्प्युटर मशीनच्या खोलीत माझे दात वाजतायत. त्या मशीनला सतत गारवा लागायचा. खोली भरून राहील एवढं ते अवजड धूड, आणि त्याच्यासमोर मी, सुती साडीचा पदर अंगाभोवती घट्ट ओढून बसलेली. तुम्ही ते पाहिलंत. दुसऱ्या दिवशी घरून करड्या रंगाचा, कोपरांवर रफू केलेला स्वेटर आणून माझ्या टेबलावर ठेवलात. "घाल वं," म्हणालात, "इथं माणूस आजारी पडलं तर चालते, मशीन पडलं तर नाही चालत." तुम्हाला असं काही देताना कौतुकाचं बोलणं जमतच नव्हतं. तुमचा होता तो. पुढचा सगळा उन्हाळा तुम्ही शाल लपेटून बसलात.

कॉलेजात तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात. मग परीक्षांच्या कार्यालयात कॉम्प्युटर विभाग निघाला, तुम्ही कॉलेज सोडून तिकडे गेलात आणि मी पास झाल्यावर मलाही बोलावून घेतलंत. निकाल लावणारा सगळा प्रोग्राम तुमचा होता. प्रत्येक मुलाचे गुण जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून नोंदवायचे, कार्डांचे गठ्ठे मशीनला खाऊ घालायचे, आणि मशीन खडखडत निकाल छापून द्यायचं. दरवर्षी नियम बदलायचा, दरवर्षी तुम्ही प्रोग्रामला एक ठिगळ लावायचात. कुठलं ठिगळ कशासाठी लावलं, हे तुमच्याशिवाय कोणालाच धड ठाऊक नव्हतं. पण कुठल्याही बदलाआधी तुमचा नेम ठरलेला असे. आधी सगळ्या कार्डांची दुसरी प्रत काढायची. मग मागच्या वर्षीचे गुण बदललेल्या प्रोग्राममधून चालवायचे आणि आलेला निकाल मागच्या छापील निकालाशी ताडून पाहायचा. एक जरी मुलगा इकडचा तिकडे झाला, तरी बदल मागे घ्यायचा.

धरमपेठेतल्या तुमच्या घरी गॅस आला, त्या रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावलं होतं. ओट्यावर नवी कोरी शेगडी, आणि खाली कोपऱ्यात कोळशाची जुनी शेगडी, तीही पेटलेली. मी विचारलं, "बाई, आता हिला कशाला पेटवलंत?" तुम्ही गोळाभातासाठी बेसनाचे गोळे वळत होतात. हात न थांबवता म्हणालात, "नवीन आली म्हणून जुनी लगेच विझवायची असते काय? आधी त्या नवीवर भात तर होऊ दे." नव्या शेगडीवरचा भात खालून लागला. तुम्ही हसलात, जुन्या शेगडीवर दुसरा टाकलात, आणि आपण उशिरा, पण पोटभर जेवलो. कढत तेलाची फोडणी भातावर ओतताना तुमचा चेहरा किती निवांत होता. नंतर पुष्कळदा मला वाटलं आहे, की हीच बाई होती ना ती? मग पुढे काय झालं?

पुढे नवीन मशीन आलं. जुन्याच्या मानाने बरंच लहान, झाकपाक, टेपवर चालणारं. कार्डांचा जमाना संपला, असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं. जुन्या मशीनचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. बदलायला हवं, यावर तुमचं-माझं दुमत नव्हतं. तुम्ही साहेबांना सांगितलंत, की यंदाचा निकाल दोन्ही मशीनवर लावू, दोन्ही जुळले की जुनं काढू. बैठकीत नव्या मशीनबरोबर आलेला तरणा इंजिनिअर बसला होता. तो हसून हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका सिस्टम तो म्यूझियम में रखने लायक है." वाईट बोलण्याचा त्याचा हेतू नसावा. पण साहेब हसले, मग सगळी खोली हसली. मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्हीही हसलात, बाई, आणि तुमच्या हातातली पेन्सिल टेबलावर उभी-आडवी होत राहिली.

त्या दिवसापासून तुम्ही वेगळ्याच झालात. दोन्ही मशीनची गोष्ट तुम्ही परत काढली नाहीत. नव्या मशीनचं उद्घाटन ठरलं, जुनी खोली रिकामी करून हवी होती, आणि तुमची निवृत्ती त्याच वर्षी होती. तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन नव्या मशीनसमोर बसायचात, इंजिनिअरला "हे आम्ही करून टाकू" म्हणायचात. मी मात्र तुमच्याच शिकवणीप्रमाणे मागच्या वर्षीचे गुण नव्या मशीनवर चालवून पाहिले. काही मुलं जुळेनात. जुन्या निकालात पास, नव्यात नापास. सगळी दुसऱ्यांदा बसलेली मुलं होती. मी कागद घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही कागद हातात घेतलाही नाहीत. "तुले भीती वाटून राहिली," म्हणालात, "म्हणून तू चुका शोधून राहिली."

"बाई, तुम्हीच सांगत होता, एक जरी—"

"मी सांगितलं ते जुन्या मशीनचं. काहून मागं ओढून राहिली सगळ्यांना? उद्घाटन होऊ दे, मग पाहू."

मला तुम्ही कॉलेजातही रागावल्या होतात, पण ते गणित चुकल्याबद्दल. त्या दिवशी माझं काही चुकलं नव्हतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होतात. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तुमच्या मॅडमने सगळं ठीक आहे म्हणून सही केली आहे, आता तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाण्या का? जुनं मशीन खोलून तुकड्या-तुकड्यांनी ट्रकवर चढलं. तुमच्या प्रोग्रामची कार्डं, त्यांच्या प्रतीसुद्धा, पोत्यात भरून रद्दीत गेली. हमाल पोती उचलत होते तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. मला वाटलं, आता थांबवाल. तुम्ही म्हणालात, "जरा बाजूनं घ्या, नवीन रंग दिला आहे भिंतीले."

निकाल लागला. त्यानंतर चार-सहा दिवसांत कामठीहून एक माणूस मुलीला घेऊन आला. पॉवरलूमवर कामाला होता, कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्याने बोलायचा. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, अंगाने बारीक, हातात गुणपत्रिका. "मॅडम," तो तुम्हाला म्हणाला, "हिनं यंदा इंग्रजीचाच पेपर देला होता. बाकी सारे विषय मागच्या सालीच निघाले हिचे. अन् तुम्ही साऱ्यात भोपळा देला. काहून जी?"

तुम्ही गुणपत्रिका पाहिलीत. इंग्रजीत ती चांगली पास होती. बाकी विषयांत शून्य, शून्य, शून्य. तुम्हाला समजायला क्षणही लागला नाही. ज्या विषयांत सूट, म्हणजे जे आधीच सुटलेले, त्यांची जागा कार्डावर कोरी सोडायची, आणि कोरी जागा दिसली की मशीनने मागच्या वर्षीचे गुण उचलायचे. हे तुमचंच कितीतरी वर्षांपूर्वीचं ठिगळ. नव्या मशीनने कोऱ्या जागेचा अर्थ शून्य लावला होता. म्हणजे ही एकटी नव्हती. सूट घेऊन बसलेलं प्रत्येक पोर आपण नापास केलं होतं.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, नर्सिंगच्या मुलाखतीले पासचा कागद लागते. सोमवारी आहे."

तुम्ही म्हणालात, "मिळेल." आणि आत गेलात. मी मागोमाग आले तर तुम्ही नव्या मशीनसमोर खुर्चीवर बसल्या होतात, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून.

जुनं मशीन असतं तर एका दिवसाचं काम होतं. आता मागच्या वर्षीचे छापील निकाल काढून एकेक नाव शोधायचं, हाताने गुण उतरवायचे, बेरजा करायच्या. तुम्ही आणि मी समोरासमोर बसून ते केलं. त्या मुलीचं नाव सगळ्यात आधी काढलं, तरी दुरुस्त निकालावर वरिष्ठांची मंजुरी हवी होती, आणि चूक झाली हे मान्य करायलाच वरिष्ठांना वेळ लागला. सोमवार गेला. त्यानंतरचाही गेला.

मंजुरी आली तेव्हा तो कागद टपालाने पाठवायला मन धजेना. मी बसने कामठीला गेले. गल्लीभर लूमचा खटखटाट, त्यात पत्ता विचारायचा तर ओरडावं लागत होतं. मुलगी ओसरीवर गहू निवडत बसली होती. आईने मला पाणी दिलं, आणि तोंडभर सांगितलं, की पोरीचं जमलं, मुलगा भंडाऱ्याकडचा आहे, घरचे चांगले आहेत. "नापास पोरीले कोण घरी बसवून ठेवते बाई? तिचे बाबा म्हणाले, आता उरकून टाकू." मी मुलीच्या हातात गुणपत्रिका दिली. तिने ती नीट वाचली, वरपासून खालपर्यंत. मग मला विचारलं, "आता मी हिचं काय करू?" रागाने नव्हे, बाई. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोरगी काय म्हणाली?" मी जे होतं ते सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागलात. ते आधीच सारखे होते. तुमच्या निरोपसमारंभात तुमच्यावर भाषणं झाली, नवीन मशीन आणणाऱ्या म्हणून. त्यानंतर मी तुमच्या घरी येत राहिले, दिवाळीला, तुमच्या आजारपणात. त्या गोष्टीबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. शेवटच्या महिन्यात एकदा तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "तू बरोबर होती." मी विचारलं, "कशाबद्दल, बाई?" पण तुमचा डोळा लागला होता. की तुम्ही तो मुद्दाम मिटला होता, ते मला आजही कळत नाही.

मी आता बेसाला राहते. तुमच्या वेळी तिथे नुसती शेतं होती. आमचे हे गेली अनेक वर्षं नागपूरच्या झाडांवर ब्लॉग लिहायचे. कॉम्प्युटरवर ठेवलेली, जगाने वाचायची वही समजा. आता त्यांना दिसत नाही, सून वाचून दाखवते. त्या ब्लॉगचं सॉफ्टवेअर इतकं जुनाट झालं होतं, की ते नवीन केलं नाही तर सगळं बंद पडेल, अशी सूचना आली. सून म्हणाली, "आई, एक बटण दाबायचं आहे फक्त." मी तिला बटण दाबू दिलं नाही. आधी सगळं लिखाण आणि फोटो उतरवून घेतले, त्याची प्रत दुसरीकडे उभी केली, आणि मधल्या आवृत्त्या न गाळता प्रतीवरच एकेक पायरी चढलो. पहिल्याच फेरीत त्यांचं सगळं मराठी गेलं. पळस, कडुनिंब, बेहडा, पानंच्या पानं नुसती प्रश्नचिन्हं झाली. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, घाबरू नको, जुनं अजून चालू आहे. अक्षरांची गडबड कुठे होते ते सापडलं, सगळी पानं ताडून पाहिली, आणि मगच खरा ब्लॉग बदलला. पळसावरचा लेख ऐकताना ह्यांनी मध्येच सुनेला एक शब्द दुरुस्त करायला लावला, तेव्हा मला हायसं वाटलं.

सुनेने विचारलं, "आई, इतकं जपून करायला तुम्हाला कोणी शिकवलं?" मी तुमची सगळी गोष्ट सांगितली. बैठकीतलं हसणं, जुळत नसलेली मुलं, दारात आलेली पोती. फक्त शेवट बदलला. मी तिला सांगितलं, की बाईंनी माझा कागद हातात घेतला, वाचला, आणि हमालांना म्हणाल्या, "ठेवा खाली."

ती म्हणाली, "ग्रेट होत्या तुमच्या बाई." मी हो म्हटलं.