फीत बांधलेली गाडी

बाबा, तू गेलास तेव्हा मी नववीत होते. आता मोखाडा–खोडाळा रस्त्यावर मीही जीप चालवते, तुझ्यासारखीच. त्याआधी काही वर्षं दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर होते, कंत्राटावर. ती गाडी माझ्याकडून काढून घेतली. का काढली ते ऐकलंस तर तू हातातला चहा तसाच ठेवून उठशील.

तुला यंत्रांचं वेड होतं. वरून विमान गेलं की तू जीप कडेला घ्यायचास, इंजिन बंद करायचास आणि मागचे लोक ओरडत असले तरी आवाज विरेपर्यंत मान वर करून उभा राहायचास. "एवढं लोखंड हवेत राहतं, आणि आपल्या पाड्यावर रस्ता राहात नाय," म्हणायचास. तू मला शाळेच्या मैदानात जीप शिकवत होतास, कडेला उभी माणसं हसत होती, आणि मी गिअर असा ओरबाडला की तू माझ्या हातावर चापट मारलीस. "बाय, जोर लावू नको. ती काय म्हणते ते आधी ऐक." चापट लागली नाही, पण माणसांसमोर बसली म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आणि तो दिवसही आठवतो, मोठ्या साहेबांचा ताफा यायचा होता म्हणून नाक्यावर तुला भर उन्हात थांबवलं होतं. जीपमध्ये तापानं फणफणलेली एक म्हातारी. "ताफा काय, मागून पण येईल," एवढंच तू म्हणालास, तर पोलिसानं तुझं लायसन काढून घेतलं. घरी आलास, आई चुलीपाशी तुलाच बोलली, आणि तू नागलीची भाकर अर्धी टाकून उठलास. तेव्हा मला वाटलं होतं, एवढं काय त्यात. आता कळतं.

आम्हाला नवी ॲम्ब्युलन्स आली बाबा. तू बघायला हवी होतीस. आत ऑक्सिजन, भिंतीला बसवलेला मॉनिटर, स्ट्रेचर असं की एकट्या माणसालाही ते आत सरकवता येतं. इकडे आणताना घाटात पुढच्या गाडीच्या मागे दुसऱ्या गिअरवर चालली, तरी कुरकुरली नाही. पण आणल्यावर ती चालवायची नव्हती, उभी करायची होती. मंत्रीसाहेब हेलिकॉप्टरनं येणार, फीत कापणार, मग ती रुग्णांची. तोवर तिला झेंडूच्या माळा घालून मैदानात मांडवापुढे ठेवली होती. आरशापासून मांडवाच्या बांबूपर्यंत लाल फीत. जुनी गाडी क्लच जळून गॅरेजला पडलेली. मैदानावर चुना मारून गोल आखला होता, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. त्याच पाण्यासाठी वरच्या पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात.

ढग उतरले होते, हेलिकॉप्टरला उशीर होत होता. तेवढ्यात दवाखान्यातून सिस्टर धावत मैदानात आली. एका पाड्यावरची पोरगी सकाळी बाळंत झाली होती, बाळ बरं होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. जव्हारला न्यायला हवं, आत्ताच. मी कार्यक्रम सांभाळणाऱ्या साहेबांकडे गेले.

"सर, गाडी घेऊन जाते. पेशंट सिरियस आहे."

"अगं, साहेब निघालेत. आले की फीत कापतील, मग लगेच घे ना. कोण नाही म्हणतंय?"

"आणि नाही आले तर?"

"आता फीत तोडून नेणार का? काही पद्धत असते की नाही?" असं म्हणून ते वर बघायला लागले. ढगाकडे, बाबा. तिकडे बाई मरतेय आणि हा माणूस ढगाकडे बघतोय.

किल्ली माझ्याच खिशात होती, कारण फीत कापल्यावर गाडी चार हात पुढे घेऊन दाखवायचं काम माझं होतं. मी बसले, सुरू केली. साहेब बोनेटवर हात आपटत पुढे आले, मग बाजूला झाले. फीत ताणली आणि तुटली, आवाजसुद्धा झाला नाही. दवाखान्याच्या दारातून पोरीला घेतलं, सिस्टर बसली, तिची सासू बाळाला पदरात गुंडाळून माझ्या शेजारी बसली. नाक्यावर दोर आडवा. पोलिसानं हात केला, "रस्ता बंद आहे, अधिकाऱ्यांचा ताफा येतोय." मी काही बोलायच्या आत सासूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "माझी सून मरतं आणि तुला दोर दिसतो? सोड तो! नायतर ये, तूच तिला उचलून ने!" त्या तरुण पोलिसानं एकदा मागे स्ट्रेचरकडे बघितलं आणि दोर खाली टाकला.

पोरगी वाचली. जव्हारला तिला रक्त चढवलं. परवा ती खोडाळ्याच्या बाजारात दिसली, नागलीच्या मापावरून एका दुकानदाराशी तावातावानं भांडत होती.

मला मात्र नोटीस आली. शिस्तभंग, आणि पुढे लिहिलंय, कार्यक्रमाच्या साहित्याचं नुकसान. म्हणजे फीत! त्या दिवशी हेलिकॉप्टर आलंच नाही, ढगातून परत वळलं. तोवर गाडी तिथेच उभी राहिली असती, माळा घालून. पुढे नवी फीत आणून नव्यानं कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, आणि माझं कंत्राट वाढवलं नाही. चौकशीत मला विचारलं, "तुम्हाला अधिकार कोणी दिला?" मी म्हटलं, "गाडीवर काय लिहिलंय ते वाचा." मला हेलिकॉप्टरचा राग नाही बाबा. ते यंत्र सुंदर आहे, कुठेही उतरू शकतं. मग ते त्या पाड्यावर का उतरत नाही? यंत्र कोणाच्या हातात द्यायचं हे ठरवणाऱ्यांना ते कशासाठी बनवलंय एवढंही कळू नये?

हे सगळं मी गावात सांगितलंय, चौकशीत सांगितलंय, जीपमधल्या लोकांना तर रोज सांगते. एक मात्र कुठेच सांगितलं नाही, आणि हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून इथे लिहिते. जव्हारच्या अलीकडे चढ संपतो तिथल्या मोठ्या वळणावर मी वेग न सोडता स्टिअरिंग फिरवलं, आणि ती एवढी मोठी गाडी जराही न डगमगता वळली. मागे ती पोरगी कण्हत होती, शेजारी म्हातारी देवाचं नाव घेत होती. आणि त्या वळणापुरती, बाबा, मला मजा आली.