माझ्या घरी न केलेला मुक्काम

प्रिय अण्णा,

माझ्या घरी तुम्ही एकही रात्र का राहिला नाहीत, ते आज सकाळी कळलं. आईनं सांगितलं, आणि धाकट्या सदूच्या बोलण्यातून त्याला दुजोरा मिळाला. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. उत्तर आत्ता आलं, म्हणून पत्रही आत्ताच लिहितो आहे.

मला अजून रडू आलेलं नाही. ऑफिसला जातो, दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करतो, वेळेत पान छपाईला सोडतो. लोक म्हणतात, दत्तूनं धीर धरला. धीर कसला! काही जाणवतच नाही, एवढंच.

घर घ्यायचं मनात आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. इतक्या पिढ्या बंगळुरात काढून आपलं सगळं कुळ भाड्याच्या घरात. मी पहिलंच बरं दिसलेलं घर घेऊन मोकळा झालो असतो. तुम्ही अकरा घरं पाहायला लावलीत. प्रत्येक न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून उतार बघायचा, मग शेजारच्या दारात जाऊन विचारायचं, "अक्का, नळ किती वाजता येतो?" मल्लेश्वरमचं लाल कौलांचं घर मला फार आवडलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात डोकावलात आणि म्हणालात, "एकच बाई मावेल. तुझी आई आणि तुझी होणारी बायको, दोघींपैकी अंगणात कोण उभी राहणार? तू?" घरमालकाला मराठी कळत नव्हतं म्हणून वाचलो!

बसवनगुडीचं घर तुम्हीच पसंत केलंत. मालक निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याशी तासभर कन्नडमध्ये त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललात आणि उठता उठता म्हणालात, "किंमत स्वल्प खाली आणा, मास्तर." त्यांनी आणली. मी तिथे होतो, पण माझी गरज कुणालाच नव्हती. घर माझं होत होतं आणि घेत होतात तुम्ही. खरं सांगू? मला थोडा राग आला होता.

मग वकिलांनी तो कागद मागितला. म्हणाले, "वडील आहेत, धाकटा भाऊ आहे, कुटुंब एकत्र. घर स्वकमाईचं आहे, त्यावर आपला हक्क नाही, असं वडिलांकडून लिहून घ्या. पुढे कटकट नको." तुम्हाला सांगायला मला दोन दिवस लागले. तुम्ही सोप्यात बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होतात. ऐकलंत, आणि हातही थांबला नाही. "लिहून देतो की. कागद आण."

तीस वर्षं वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस! आमच्या वकिलांचा मसुदा वाचून तुम्ही त्यातच चूक काढलीत. "ह्यात माझे इतर वारस राहिलेत. उद्या सदू हक्क मागत आला म्हणजे?" आणि ते वाक्य स्वतःच्या वळणदार अक्षरात घातलंत: या घराशी माझा व माझ्या इतर वारसांचा काही संबंध नाही. खाली सही.

तेव्हा मला काय वाटलं, विचाराल? सुटलो, असं वाटलं. दुसरं काहीच नाही.

वास्तुशांतीला तुम्ही पंगतीत वाढलंत, पाहुण्यांना खोल्या दाखवल्यात, आणि दिवेलागणीला चपला घातल्यात. "उद्या काम आहे." आईही तुमच्या मागोमाग निघाली. निवृत्त माणसाला कसलं काम? पुढे मुलगी झाली, तेव्हाही तसंच. मला टायफॉइड झाला, तेव्हा तीन आठवडे रोज सकाळच्या बसनं चामराजपेठेहून येत होतात, उशाशी बसत होतात, आणि संध्याकाळी परत. शांता म्हणायची, "मामंजी, आज राहा ना. पाऊस आहे." तुम्ही म्हणायचात, "सरी, बरं तर, पुढच्या वेळी." आणि छत्री घेऊन निघायचात.

एकदा मी चिडून विचारलं, "हे तुमचं घर नाही का?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "लिहून दिलंय." आणि हसलात.

तो टोमणा आहे असं मी धरून चाललो. मुलानं बापाकडून कागद घेतला, तो बाप जन्मभर त्याला आठवण करून देतोय, असं. त्यानंतर मी तुम्हाला राहा म्हणून कधीच म्हटलं नाही. किती वर्षं झाली, अण्णा?

शेवटच्या आठवड्यात टॅक्सी घेऊन आलो होतो. डॉक्टर माझ्या घराजवळ, म्हणून तुम्हाला न्यायचं होतं. तुम्ही पलंगावरून पाय खाली टाकला नाहीत. मीही आग्रह धरला नाही. टॅक्सी रिकामी परत पाठवली. मनात म्हटलं, राहू दे, त्यांचा हट्ट.

आज सकाळी चामराजपेठेत सदूकडे गेलो. त्याची हुबळीला बदली झाली आहे, हे तुम्हाला माहीत होतंच. आईला म्हटलं, तू आता माझ्याकडे चल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला तिथे राहता येणार नाही. ह्यांनी बजावून ठेवलंय."

"काय बजावलंय?"

"अरे, ह्यांच्या कचेरीत एक खटला होता. थोरल्यानं घर घेतलं, बाप तिथे राहायला गेला. बाप गेल्यावर धाकटा उभा राहिला, म्हणाला, वडील इथे राहत होते, म्हणजे घर सगळ्यांचं. पंधरा वर्षं चाललं ते. शेवटी घर गेलं आणि भाऊही गेले. हे म्हणायचे, कागद कितीही चांगला लिहिला तरी बापानं तिथे अंथरूण घातलं की तो कच्चा झाला. दत्तूच्या घरात आपण पाहुणे. पाहुण्यानं संध्याकाळी निघावं."

सदू दारात उभा होता. म्हणाला, "मलाही सांगितलं होतं त्यांनी. दादाकडे चार दिवसांच्या वर राहू नकोस. मला वाटलं, वहिनीला त्रास होतो म्हणून." मग हसला. "म्हणजे हे सगळं माझ्या भीतीनं? मी दादावर फिर्याद करणार होतो? ज्याच्या जुन्या शर्टांवर मी मॅट्रिक झालो?" असं म्हणून तो मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

अण्णा, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत? एक वाक्य पुरलं असतं. की सांगितलं असतं तर मी तुम्हाला हट्टानं ठेवून घेतलं असतं, ही धास्ती होती? आणि सदूवर एवढा अविश्वास? तो तर तुमच्याच पायाशी झोपत होता!

तुमचा कायदा बरोबर होता की नाही, हेही मला माहीत नाही. वकिलांना विचारता येईल. विचारणार नाही.

आईला खूप समजावलं. शेवटी सदू म्हणाला, "आई, माझ्याकडूनही लिहून घे हवं तर." ती ओरडली, "पुरे झाले तुमचे कागद!" मग म्हणाली, आठ दिवस येऊन बघते.

रविवारी सदू तिला ट्रंकेसह आणून सोडेल. सोमवारी मी रेशन कचेरीत जाईन. सदूच्या कार्डावरचं आईचं नाव कमी करून माझ्या कार्डावर चढवायचं आहे. अर्जात राहण्याचा पत्ता विचारतात, आणि मुक्काम तात्पुरता की कायमचा, तेही. तुम्ही ज्याला इतकी वर्षं भ्यालात, तोच पुरावा मी माझ्या हातानं सरकारदरबारी देणार आहे. कायमचा, असंच लिहीन. हे वचन समजा.

आई मात्र अजून आठ दिवसच म्हणते आहे.

तुमचा,
दत्तू