लेकरं इथंच राहतील, किसन

पातूर, संध्याकाळ

प्रिय किसन,

तुझी कंबर आता कशी आहे? मायचे गुडघे दुखायचे थांबले का? बाबांचा खोकला गेला, की तिथंही विडी सुटली नाही? इकडचं विचारशील तर तुझी शांता बरी आहे, म्हणजे उभी आहे. सुमन बरी. अशोकच्या टाचेत काटा मोडला होता, तो काढला. माया जेवतच नव्हती, काल तिनं अर्धी भाकर खाल्ली. मी आहे तशीच.

तू हसत असशील. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तू या मोठ्या बहिणीला एकच सांगत आलास, "बाई, मेल्यावर मागं काई राहत नाई. जे करायचं ते जितेपणी." मान्य आहे बाबा. पण मग मी बोलू कोणाशी? म्हातारपणी पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकले, ती काय फक्त दुकानांची नावं वाचायला? म्हणून लिहिते. आणि आजच लिहिते, कारण सकाळी या घरात एक गोष्ट ठरली. ती तुला माझ्याकडूनच कळावी.

आधी मला सांग, ही तऱ्हा तू शिकलास कुठं? शांताला नर्सचं शिक्षण घ्यायला अकोल्याच्या दवाखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा सुमनचं अंगावरचं दूध नुकतं सुटलं होतं. लेकरू कोण सांभाळेल, म्हणून घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. तू कापसाच्या जिनातून आलास, हातपाय धुतलेस, म्हणालास, "मी." आणि जेवायला बसलास. चर्चा संपली.

मग जिनातलं काम सोडून इथं आलास. आजोबांच्या वाट्याचं हे मुरमाड वावर, गावातली गुरंही इथं चरायला थांबत नसत. तू कुडाचं घर उभं केलंस, विहीर खोदलीस. शांता सुटीला आली की लुगडं खोचून दगड वेचायची, आणि सुमन बोरीला टांगलेल्या झोळीत झोपायची. पुढं अशोक झाला, माया झाली. तीन लेकरं, कोंबड्या, वांग्या-मिरच्यांचे वाफे आणि तुझी ती संत्र्याची झाडं. तू सगळ्यांना एकाच आवाजात हाका मारायचास. कोणाला बोलावतोस ते लेकरांना कळायचं, कोंबड्यांनाही.

नदीवरची गंमत आठवते का? तू धुणं घेऊन गेलास की बायका पदर तोंडाला लावायच्या. एकदा गंगूबाईनं विचारलंच, "काहो किसनभाऊ, वैनीचं लुगडंबी तुमीच धुता काय?"

"धुतो ना. तुमच्या मालकाले पाठवा, त्याईलेबी शिकवतो."

त्यानंतर गंगूबाई तुझी बाजू घेऊन भांडायला लागली. घरी मालकाला काय ऐकवलं असेल तिनं, कोण जाणे.

पुरुष मात्र सुधरले नाहीत. पारावर तुला ऐकू जाईल असं बोलायचे, बायकोच्या पगारावर बसला म्हणून. बसला? तुला बसलेलं मी पाहिलं ते सुमनची वेणी घालताना. दोन गुडघ्यांत तिला धरून, दातात रिबन.

आणि शनिवारची मोटार! तिन्ही लेकरांना अंघोळ घालून तू रस्त्यावर उभा. शांता उतरली की तिची पिशवी तुझ्या खांद्यावर, आणि एकच वाक्य, "आधी हातपाय धू, मंग पोरांले हात लाव." दवाखान्यातून आलेलं माणूस, लेकरांना काही लागायला नको. नर्स ती, आणि शिकवायचास तू.

आता एक रागानं विचारते. छातीत कळ येत होती तर शांताला का नाही सांगितलंस? सुमन म्हणते, तू दुपारचा खाटेवर हात दाबून पडून राहायचास आणि म्हणायचास, वारा धरला. सगळ्या अकोल्याला दवापाणी करणारी बाई तुझ्या घरात. तिला रजा पडेल म्हणून गप्प राहिलास ना? ती अजून स्वतःच्याच बोटांकडे पाहते. त्या बोटांनी परक्यांची नाडी पाहायची. हे तू बरं केलं नाहीस, किसन.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला सगळे जमले होते. ते झालं आणि आज सकाळी आपल्या पुंजारामदादानं वाटणी मांडली. वावराची नाही, लेकरांची. सुमन हिवरखेडला तिच्या मामाकडे. अशोक दादाबरोबर अमरावतीला. माया शांताजवळ. वावर बटईनं, अर्ध्या पिकावर, द्यायचं. दादाच्या मनात वाईट नव्हतं. चुलतभाऊ झाला तरी रडला तो सख्ख्यासारखा. पण बोलत होता असा, जशी गाडीत पोती चढवायची आहेत.

शांता हळूच म्हणाली, "त्यापेक्षा मीच नोकरी सोडते."

दादा उठून बाहेर गेला, संत्र्याच्या झाडांकडे पाहत उभा राहिला. झाडांची पानं वळलेली, माना टाकलेल्या. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "पाय, झाडाईलेबी समजलं मालक गेला." आणि भल्या मनानं त्यानं बैल जुंपले, मोट सुरू केली.

पाणी पाटात आलं तशी सुमन घरातून धावली. पाटात उतरली आणि हातांनी चिखल ओढून बांध घालायला लागली. मागून लंगडत अशोक, फावडं घेऊन.

दादा ओरडला, "पोरी, येड लागलं काय? झाडं मरून राहिली!"

"मरत नाई. बाबानं ताण देल्ला त्याईले."

"कायचा ताण?"

"उन्हाळ्यात तहानलेली ठेवा लागतात. मंग पाऊस पडला की बहार येते. आता पाणी देल्लं तं नुसती पानंच येतीन. फूल नाई."

"अन् वाळली तं?"

"बाबा रोज पान चुरून पाहे. मीबी पाहतो. आज सकाळीच पाहिलं."

आज सकाळी, किसन. तू नसताना, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ही पोर उठून झाडाझाडापाशी जाऊन आली होती. दादानं बैल सोडले. तो कापसाच्या वावरातला जुना माणूस, संत्र्याचं त्याला काय ठाऊक. कुंचल्यासारख्या मिशा पुसत म्हणाला, "बापानं चांगलं तयार केलं हो."

तेव्हाच मी बोलले. दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कोणी कोठं जात नाई. लेकरं इथंच राहतीन. मी राहतो इथं."

दादा म्हणाला, "जनाबाई, या वयात?"

"या वयात म्हंजे कोण्या वयात? जिनात कापसाचे ढीग उपसले, तेव्हा कोणी वय पुसलं नाई."

"अन् तुही अमरावतीची खोली?"

"तिले कुलूप लावतो. ती काई रडत नाई माह्यासाठी."

शांता म्हणाली, "बाई, तुमाले कावून तरास? माह्यी लेकरं हायेत. मीच राहतो घरी."

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "तू घरी बसली तं किसननं इतके वर्षं काय केलं? तू दवाखान्यात जावं म्हणून लोकाईचं ऐकून घेतलं त्यानं. सोमवारी सकाळच्या मोटारीनं जायचं."

ती तेव्हा रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी रडू दिलं. मग तिनंच उठून चहा ठेवला.

दादा दुपारच्या मोटारीनं गेला. जाताना अशोकला म्हणाला, "मृगात येतो, बहार दाखवजो." हिवरखेडचा मामा थोडा नाराज दिसला, पण सुमननं त्याला वांगी बांधून दिली, मग बरा झाला.

आता माझा शब्द घे. तुझी तिन्ही लेकरं एका ताटाला जेवतील. शांताची दवाखान्यातली एक पाळी चुकणार नाही. सुमन शाळा सोडणार नाही, पाणी भरायला मी आहे. झाडांचं सुमन सांगेल तसं करीन, मध्ये तोंड घालणार नाही. पारावरचे काही बोलले तर त्यांना माझं तोंड ठाऊक नाही अजून. हात थरथरेपर्यंत हे करीन, आणि थरथरायला लागले की अशोकला भाकर थापायला शिकवीन. तुझाच मुलगा, लाजणार नाही.

एकच अडचण आहे, तेवढी लवकर कळव. तुझी चांदी गाय पान्हा चोरून राहिली आहे. मी बसले, शांता बसली, शेजारच्या रहीमचाचांनाही बसवून पाहिलं. भांड्यात दूध येत नाही. अशोक म्हणतो, धार काढताना तू तिच्या कानाशी काहीतरी बोलायचास. काय बोलायचास ते तिन्ही लेकरांना माहीत नाही. इतकं हळू कशाला बोलायचं रे? वासरू पोट भरून घेतं, पण मायाचा चहा कोराच राहतो. चार शब्द असतील तर चारच लिही. उत्तराची वाट पाहते.

तुझी मोठी बहीण,
जना