एकोणीस डॉलरचा खेकडा

याकिमा, १६ जानेवारी

चि. सिग्रिड हिस आल्डनमामाचे अनेक आशीर्वाद.

राजधानीत अंदाजपत्रक अडले आणि तुमच्या तटरक्षक दलाचा कालचा पगार झाला नाही, असे तुझ्या आईने फोनवर सांगितले. भूदल-नौदलाचा झाला म्हणे. तुमचे खाते निराळे. ज्याला घरीही बसता येत नाही आणि वेतनही मिळत नाही तो ‘अत्यावश्यक’, ही व्याख्या मला नवीन. निष्काम कर्माची इतकी शिस्तशीर शाळा मी माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

तीस तारखेला तुझी नोकरीची मुदत संपते. पुढच्या चार वर्षांची शपथ निवृत्त अधिकारी या नात्याने मीच द्यावी, असे तू उन्हाळ्यात वदवून घेतले होतेस. गणवेश काढून पाहिला. तो होता तेवढाच आहे, मी नाही. येऊ ना?

लोभ आहेच, तो पगारासारखा अडकवू नकोस.

आल्डनमामा

इल्वाको, १९ जानेवारी

ती. आल्डनमामास सिग्रिडचा सा. न. वि. वि.

गणवेश परत ठेवा. मला लाकडाच्या गिरणीत काम मिळतंय, दर शुक्रवारी पगार. टोबी म्हणतो, बायकोने देशसेवा करावी, पण घरमालकीण ती भाड्यात धरत नाही. मलाही कंटाळा आलाय, मामा.

निस्कानेन कोळी आठवतो? त्याच्या बोटीवरचे जीवरक्षक पोशाख फाटके निघाले म्हणून नोव्हेंबरात मी त्याला दंड लावला होता. तोच काल दारात खेकड्यांची टोपली ठेवून गेला. वीस डॉलरवरची भेट आम्हाला चालत नाही, म्हणून एक ठेवून बाकीचे परत केले. आता तो बंदरभर सांगतोय, की ही बया उपाशी मरेल, पण नियमाने मरेल.

राग नसावा.

सिग्रिड

याकिमा, २२ जानेवारी

चि. सिग्रिड हिस अ. आ.

राग नाही. गिरणी उत्तम, लाकूड बुडत नाही. तुझ्या जागी सुकाणू कोण धरणार तेवढे कळव, म्हणजे माझी चौकशी संपली.

आल्डनमामा

इल्वाको, २६ जानेवारी

ती. मामास सा. न.

ते विचारायला नको होतं. कुणीच नाही. नदीच्या मुखावर, त्या वाळूच्या बांधापाशी उसळत्या लाटांत बोट चालवायचा परवाना आमच्या पाळीत माझा एकटीचाच.

काल सकाळी निस्कानेनचं इंजिन नेमकं तिथेच बंद पडलं. दोर टाकून ओढून आणलं. त्याच्या तिन्ही माणसांच्या अंगावर कोरे पोशाख होते.

आज दारात एकच खेकडा. नांगीला चिठ्ठी: एकोणीस डॉलर.

तीस तारखेला या. पेट्रोल जायचं-यायचं भरूनच निघा, इथे उसनं मिळायचं नाही. टोबी रुसलाय, पण माझ्या गणवेशाला इस्त्री त्यानेच केली. शपथ द्या, भाषण देऊ नका. तुमच्या कोटाची बटणं लागली नाहीत तरी चालेल.

लोभ असू द्या; सध्या तेवढाच वेळेवर पोचतो.

सिग्रिड