काचेतली होडी

६ फेब्रुवारी १९६८
पुन्हा काही नाही! तिसरी काच वाया. साहेब शिव्या घालतो — अमेरिकन इंग्रजीत, म्हणून बऱ्या वाटतात.

मी इथे वीजकेंद्राच्या बांधकामावर डार्करूमवाला. पाइपांच्या जोडांचे एक्स-रे धुतो. पण साहेबाच्या ह्या फावल्या वेळच्या उद्योगात हात घातला, आणि कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा डोकं चालायला लागलं. होलोग्राम म्हणतात. लेसरचा लाल उजेड दोन वाटांनी सोडायचा — एक सरळ काचेवर, दुसरा वस्तूवर आपटून काचेवर. शेजारच्या दांडी गावच्या खाडीत दोन होड्यांच्या लाटा एकमेकींत शिरतात ना, तसं! त्या लाटांची नक्षी फोटोचा मसाला लावलेली काच धरून ठेवते. मात्र वस्तू केसभर हलली की खलास. आणि इथे तर सगळंच हादरतं. डंपर, ड्रिल, साहेबाचा पाय!

८ फेब्रुवारी
सुगंधा कॅन्टीनला मासळी घेऊन आली. म्हटलं, तुझ्या बाने केलेली ती छोटी लाकडी होडी दे, काचेत उतरवतो.
"मलाच घाल की काचेत!"
"तू श्वास घेतेस. नाही उमटणार."
"मंग मरू का?"
दिवसभर काम झालं नाही.

तिचा बाप जिवल्या तांडेल, मासेमारी होडीचा म्होरक्या. अख्ख्या दांडीत त्याचा शब्द चालतो. मला 'कालेज सोडलेला' म्हणतो. एकदा ही काच बघू दे त्याला, पोरगी स्वतःहून देईल!

११ फेब्रुवारी, रविवार
जमलं!!! युक्ती माझी. डंपरच्या ट्यूबा फुगवल्या, वर वाळूची पेटी, वाळूत आरसे रोवले. यंत्रं बंद होती. काच धुतली, वाळवली — नुसती मळकट. मागून लाल उजेड सोडला आणि होडी तरंगायला लागली! डोकं डावीकडे नेलं की डोलकाठीमागचं सुकाणू दिसतं, उजवीकडे नेलं की लपतं. साहेब म्हणाला, यंत्राचा भाग ताणाने केसभर वाकला तरी असल्या काचेवर पकडता येतो. "युअर सँड, आनंदा!" मला वर्गातून हाकलणाऱ्या प्रोफेसरला बोलवा रे कुणीतरी!

१३ फेब्रुवारी
साहेबाच्या परवानगीने तांडेलला शेडमध्ये आणलं. त्याने काचेमागे हात घातला. "हाताला लागं नाय रं! भूत हाय का?" मग मान वाकडी करून सुकाणू शोधलं. "ह्यो खिळा मीच ठोकलाय!" मी नुसता फुगलो होतो.

मग तो बाकावर बसला. माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. शेवटी पंचा झटकला — "बरं हाय. येतू." गेला! पोरीचा शब्दही नाही! ट्यूबेला लाथ घातली. पाय सुजलाय.

१५ फेब्रुवारी
सुगंधाने भर कॅन्टीनमध्ये झापलं. "बा वाट बगून आला. तू मागितलंस कवा? आनि पोरगा सोता मागतो काय? घरची मानसं सुपारी घेवन येतात!"
म्हटलं, घरी कोण बोलतंय माझ्याशी? कॉलेज सोडलं तेव्हा बाबांना सांगून आलोय, पुन्हा तोंड दाखवणार नाही.
"मंग काचेलाच नवरी कर!" टोपली उचलून चालती झाली.

१८ फेब्रुवारी. सातपाटी, घरी
बाबा अंगणात जाळं विणत होते. मान वर न करता सगळं ऐकलं. म्हणाले, "माजी टोपी काड. सुपारी वाटंत घेऊ."