गुणाबाईची सपरी

६ जुलै १९५९, सोमवार

पोचले बाई एकदाची! वडसा स्टेशनपासून बैलगाडी, मग नाल्यावर डोंगा, मग पुन्हा गुडघाभर चिखल. कंबर पार मोडली. पण मुलींची ही शाळा माझी एकटीची आहे. मीच हेडमास्तरीण आणि घंटा वाजवणारी शिपाईही मीच! हे सिरोंच्याकडच्या लाकडाच्या डेपोवर, दिवाळीशिवाय यायचे नाहीत. तेव्हा घरात मी आणि सात महिन्यांची कमळी. काय रडते ही पोर! गाडीवान मुखरू म्हणाला, बाई, हिले मंडईच्या नाटकात घ्या, आवाज पार मांगच्या मान्सापर्यंत जाते. मंडई म्हणजे इकडची जत्रा.

शेजारच्या म्हाताऱ्या गुणाबाईनं गरम भात आणि वांग्याची भाजी आणून दिली. शाळेत जाताना लेकरू माह्या सपरीत सोडून जात जा, म्हणाली. सपरी म्हणजे आपली ओसरी. माणसं फार चांगली आहेत इथली.

१० जुलै

धानाची रोवणी लागली आहे. गावातल्या झाडून साऱ्या बाया बांधीत, भाताच्या खाचरात, वाकलेल्या असतात आणि त्यांची तान्ही पोरं गुणाबाईकडे. सपरीच्या आढ्याला लुगड्यांचे झोके टांगलेले आणि एकाही झोक्यातून हूं की चूं नाही! माझ्याकडे एक पोर घर डोक्यावर घेते. हात कसला आहे हो तुमचा, असं मी विचारलं तर नुसती हसली. कमळीही निजूनच होती, घरी आणल्यावरसुद्धा. आज किती महिन्यांनी मी भात गरम असताना जेवले. गुणाबाईच्या पाया पडावंसं वाटतंय.

१९ जुलै, रविवार

सुट्टी म्हणून कमळीला घरीच ठेवलं. सकाळपासून पिसाटल्यासारखी करते आहे. नाक गळतंय, घामेजते, जांभयांवर जांभया, पाजलेलं सगळं ओकते. घाबरून गुणाबाईला बोलावलं तर तिनं कनवटीची डबी काढून माझ्यापुढे धरली. अफू! रोज मोहरीएवढी, दुधात उगाळून, साऱ्या झोक्यांना.

मी आकाशपाताळ एक केलं. तिला कळेचना मी कशानं चिडले. तिनं तिची पोरं अशीच वाढवली, तिच्या आईनं तिला. निजलं लेकरू बांधीत जात नाई, साप-इच्चूपासून वाचते, म्हणाली. पयले सरकारी ठेक्याच्या दुकानातली राहे, नेहमी एकसारखी. यंदा सरकारनं ठेका बंद केला, तर बाजारात कोणी परका माणूस विकून जातो. मागच्या खेपेची फिकी निघाली, पोरं निजेचनात, म्हणून तिनं दुप्पट केली. आता नवी आणली आहे.

माझ्या लेकराला हात लावलास तर याद राख, असं मी तिला सांगितलं. म्हातारी बिचारी रडत गेली.

२१ जुलै

सोमारीचा मुलगा उठला नाही.

सोमारी आमच्या मागच्या घरची. बांधीतून आली, छाती दुधानं भरून आलेली, पाजायला म्हणून झोक्यात हात घातला. कमळीला घेऊन मी शाळेत होते, तिथे तिची किंकाळी ऐकू आली. गाव म्हणतं, बाहेरचं लागलं. गुणाबाई सपरीत बसून कपाळ बडवते आहे, माप तेच होतं, माप तेच होतं. फिक्या मालाचं दुप्पट, तेच तिचं माप झालं होतं. नवा माल फिका नव्हता.

डबी नाल्यात टाक, म्हटलं. तिनं हो म्हणून मान डोलावली.

२२ जुलै

कमळी दूध घेत नाही. हातपाय थरथरतात. रडून आवाज गेला, आता नुसतं तोंड उघडते. डॉक्टर वडशाला. नाल्याला पूर, डोंगेवाला नथ्थू डोंगा सोडत नाही. गुणाबाई म्हणते, एकदम तोडलं तर लेकरू जाते, जराशी द्या, मंग कमी करू.

खोटं नाही बोलत ती. मला दिसतंय ना!

मीच मागितली डबी. टाकलीच नव्हती तिनं. मोहरीच्या निम्मी दिली. निम्मीच. देवा, मी आई आहे, मला बघवेना.

२३ जुलै, सकाळी

डबीतली अफूची गोळी फोडून पाहिली. आत पिवळट बिया भरडलेल्या. धोतरा. शाळेच्या कुंपणाला आहे तोच.

कमळीचं अंग भाजतंय. तोंड लाल, ओठ कोरडे. डोळे उघडे, आणि नुसते काळे. माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यामागे कुणाला तरी बघून हसते. हवेतलं काहीतरी चिमटीत धरते —

दुपारी

हसणं थांबलं. श्वास घेते, मग विसरते. टाचेला चिमटा काढला की पुन्हा घेते. टाच निळी पडली. माफ कर गं बाळा.

नथ्थू सांगून गेला, पाणी उतरून राह्यलं, दिवस बुडायच्या आत डोंगा सोडतो. तेवढाच वेळ. माझा डोळा लागता कामा नये. म्हणून लिहिते आहे.

गुणाबाईनं चहा दिला. दोन दिस झाले बाई, तुमचा डोळ्याले डोळा नाई. तोंडावरून हात फिरवला माझ्या.

चिमटा. घेतला श्वास.

जीभ कोरडी. अक्षरं पसरतात. जवळचं दिसत नाही —

चहाच्या तळाशी पिवळट भरड —

विचारलं तिला. म्हणाली, जराशीच टाकली बाई, तुमच्या जिवाले आराम पडन. मी हावो ना लेकराजवळ.

तिला सांगायचंय — चिमटा — थांबू नको — जीभ उचलत नाही. इथे लिहिलं तर — तिला वाचता येत नाही —

कमळीला मांडीवर घेतलं तिनं. मायेनं थोपटते आहे. गाणं म्हणते. नको थोपटू. गुणाबाई, नको, तिला जागं